पुंगळीचा हिशेब

‘मेला ना एकदाचा? मग आता उकरून कशाला काढताय?’

बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला तरुण २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. तेव्हापासून हा प्रश्न कानावर आदळतो आहे. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, आणि तोही चांगल्या शिकल्यासवरल्या तोंडांतून. त्या आठवड्यात कुठे पेढे वाटले गेले, कुठे फटाके वाजले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले, त्यावर हाती बंदूक घेतलेल्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांचे छायाचित्र होते. सरकारच्या गाडीत, सरकारच्या ताब्यातला माणूस सरकारी पिस्तुलाच्या गोळीने मरतो आणि त्याबद्दल गृहमंत्र्यांच्या अभिनंदनाचे फलक लागतात! कुठल्याही गृहमंत्र्याला खरे तर हा आपल्यावरचा आरोप वाटायला हवा होता.

या मताची मांडणी मी नीट समजून घेतली आहे. ती अशी: कोर्टात वर्षानुवर्षे तारखा पडतात. पैसेवाला सुटतो. मानवाधिकारवाले नराधमासाठी गळा काढतात, पीडितेसाठी कुणी नाही. पोलिसांना गुन्हेगार कोण हे पक्के ठाऊक असते, पण त्यांचे हात बांधलेले आहेत. ते सोडा, दोनचार उडवा, बाकीचे आपोआप सरळ होतील. मुंबईतल्या टोळ्या अशाच संपल्या. आणि ज्याने काही केलेलेच नाही, त्याला पोलिसांची भीती कशाला?

ऐकायला दणदणीत आहे. एकेक वाक्य उजेडात धरले की मात्र त्यात काही उरत नाही.

आधी त्या गाडीत काय घडले ते पाहू. पोलिसांची हकीकत अशी की, तळोजा तुरुंगातून नेत असताना आरोपीने एका सहायक निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत लागली. मग दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. ती लागली डोक्यात. दोनच दिवसांत उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी जे विचारले, ते गल्लीतल्या कुठल्याही माणसाला सुचावे असे होते. गाडीत इतके पोलीस असताना एक माणूस आवरत नाही? गोळी हातापायावर का नाही, थेट डोक्यात कशी? पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला जोर लागतो, सवय लागते. कधी शस्त्र न हाताळलेल्या माणसाला ते झटापटीत जमले कसे? तीनपैकी एक गोळी लागली, मग उरलेल्या दोन गेल्या कुठे? दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते. वापरलेले बळ समर्थनीय नाही, असे म्हणत अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा नोंदवायला सरकार तयार होईना. शेवटी ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यात बदल केला तो एवढाच, की पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे.

त्या पाचजणांचा दोष अजून ठरलेला नाही, तो साक्षीपुराव्यानेच ठरायला हवा. त्यांना वकील मिळेल, उलटतपासणी घेता येईल, संशयाचा फायदाही मिळेल. मिळायलाच हवा. मात्र ‘आरोपीला कसला खटला, उडवा त्याला’ म्हणणारे याच पाचजणांची बाजू घेताना ‘अहो, आरोप सिद्ध कुठे झालाय?’ असे म्हणतात, तेव्हा हसू आवरत नाही. म्हणजे तत्त्व यांना पाठ आहे. फक्त ते कुणाला लागू करायचे आणि कुणाला नाही, याची यादी यांच्या खिशात आहे.

योगायोगही पाहा. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात पोलीस गोळीबारातल्या मृत्यूंसाठी सोळा नियम घालून दिले. खटल्याच्या नावातच महाराष्ट्र आहे, कारण ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेची याचिका होती मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ मधल्या सुमारे ९९ चकमकींबद्दल. त्यांत सुमारे १३५ माणसे मेली होती. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, शस्त्रे तपासणीसाठी जमा करा, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढत्या-बक्षिसे देऊ नका. हे सगळे राज्यघटनेच्या १४१ व्या कलमाखाली कायदा म्हणून बंधनकारक. त्या निकालाला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर गोळी सुटली, आणि साधा गुन्हा नोंदवण्यासाठी न्यायालयाला पुढचे सहा महिने सरकारच्या मागे लागावे लागले. हात बांधलेले म्हणतात ते हेच का?

आता ‘कोर्टात वर्षे लागतात’ हा हुकमी एक्का. शक्ती मिलमध्ये छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला ऑगस्ट २०१३ मध्ये. शिक्षा झाली एप्रिल २०१४ मध्ये. आठ महिनेही लागले नाहीत. कोपर्डीच्या बलात्कार-खुनाचा गुन्हा जुलै २०१६ चा, शिक्षा नोव्हेंबर २०१७ ची. सरकार मनावर घेते, चांगला सरकारी वकील देते, प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत आणते, तेव्हा आपलीच न्यायालये वेगाने चालतात. जिथे चालत नाहीत तिथे रिकामी न्यायाधीशपदे कुणी भरायची, तुंबलेल्या प्रयोगशाळा कुणी सुधारायच्या, आणि तपास अधिकाऱ्याला बंदोबस्तातून मोकळे कुणी करायचे? ज्या सरकारने हे करायचे, त्याच सरकारला ‘न्यायालये मंद आहेत हो’ म्हणून पिस्तूल वापरायची मुभा द्यायची? नापास झाल्याचे बक्षीस म्हणून?

शक्ती मिलची आणखी एक गोष्ट या मंडळींनी ध्यानात घ्यावी. आरोपी पकडले गेल्यानंतर एक टेलिफोन ऑपरेटर मुलगी पुढे आली. त्याच जागी, काही आठवडे आधी, त्याच टोळक्यातल्या काहींनी तिच्यावरही अत्याचार केला होता. तिने तोवर तोंड उघडले नव्हते. आरोपी जिवंत होते म्हणून ती त्यांना ओळखू शकली, न्यायालयात उभी राहू शकली. तिच्याही खटल्यात शिक्षा झाली. ‘घटनास्थळी नेताना पळून जाण्याचा प्रयत्न’ वगैरे होऊन ते आधीच संपले असते, तर ती कुणाविरुद्ध बोलणार होती? पीडितेच्या नावाने टाळ्या वाजवणाऱ्यांना तिची आठवणही नाही.

चकमकीनंतरचा कागद कसा चालतो, हेही टाळ्यांच्या गजरात कुणी पाहत नाही. वर्षानुवर्षांची रीत अशी: गुन्हा नोंदवायचा तो मेलेल्या माणसाविरुद्ध, पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा. मजकूर ठरलेला. ‘शरण येण्यास सांगितले असता त्याने पोलिसांच्या दिशेने गोळीबार केला, प्रत्युत्तरादाखल केलेल्या गोळीबारात जखमी झाला, रुग्णालयात दाखल करण्यापूर्वी मयत घोषित.’ फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस, तपास करणारे पोलीस. आरोपी मयत, सबब ‘अबेटेड समरी’ मंजूर व्हावी. फाइल बंद. यात कुणाची उलटतपासणी झाली? कुणी शपथेवर काय सांगितले? सोळा नियमांची सगळी धडपड याच एका कागदाच्या विरोधात आहे.

‘पण पोलिसांना माहीत असतं हो!’ हे वाक्य म्हणताना माणसाचा आवाज किंचित खाली येतो, जणू आतली बातमी सांगतोय. हैदराबादला काय माहीत होते ते बघू. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार करून तिला जाळण्यात आले. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्यांनी म्हणे डोळ्यांत माती फेकून पिस्तुले हिसकावली. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, आपल्याकडेही ‘असे पोलीस हवेत’ म्हणून उसासे सोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने आयोग नेमला. अध्यक्ष आपल्या विदर्भाचे न्या. विकास सिरपूरकर, सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती रेखा सोंदूर-बलडोटा. २०२२ मध्ये अहवाल उघड झाला. माती, पिस्तुले, पलायन, सगळे रचलेले. गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. शिवाय चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. ज्यांना आरोपीचे वय ठाऊक नव्हते, त्यांना त्याचा गुन्हा मात्र निश्चित ठाऊक होता? त्या चौघांपैकी कोणी काय केले, कुणी काही केलेच नाही का, हे त्या मृत स्त्रीच्या घरच्यांनाही आता कधी कळणार नाही.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर याहून भारी. ११ नोव्हेंबर २००६. लखनभैया नावाने ओळखला जाणारा माणूस दुपारी वाशीहून एका मित्रासह उचलला जातो. वकिली करणारा त्याचा भाऊ तातडीने तारा, फॅक्स पाठवतो: माझ्या भावाला पोलिसांनी नेले आहे, त्याचे बरेवाईट होईल. संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ ‘चकमक’ होते. हा भाऊ गप्प बसला असता तर तीही फाइल ‘आरोपी मयत’ म्हणून बंद झाली असती. तो लढला. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल, मग उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक, मग खटला. दरम्यान, सोबत उचललेला तो मित्र, प्रकरणातला मुख्य साक्षीदार, साक्ष द्यायच्या तोंडावर मार्च २०११ मध्ये बेपत्ता झाला आणि मनोरजवळ त्याचा मृतदेह मिळाला. तरीही २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना शिक्षा झाली. दोषींमध्ये जमिनीच्या व्यवहारातला एक दलालही होता. म्हणजे ज्याला न्यायाची गोळी समजून लोक टाळ्या वाजवतात, ती धंद्यातल्या वैऱ्यासाठी भाड्याने मिळत होती! १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने तेव्हा सुटलेले ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. याच प्रकरणातल्या जामिनाच्या मुद्द्यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, बनावट चकमक हा थंड डोक्याने केलेला खून आहे आणि असे पोलीस फाशीला पात्र ठरू शकतात. तरी २०१५ मध्ये राज्य सरकारने दोषी पोलिसांपैकी अकराजणांची शिक्षा स्थगित केलीच. तो निर्णयही उच्च न्यायालयालाच रद्द करावा लागला.

‘पण टोळ्या संपल्या ना?’ संपल्या की. मात्र सोन्यावरचे नियंत्रण १९९० मध्ये उठले आणि तस्करीतला नफा आटला, ते काय पिस्तुलाने केले? १९९९ मध्ये ‘मकोका’ आला, फोनवरची बोलणी पुराव्यात धरली जाऊ लागली, जामीन अवघड झाला, कित्येक म्होरके परदेशी पळाले. हे सगळे कायद्याने झाले, पण कायद्यावर चित्रपट निघत नाहीत. न्या. गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये ‘सिंघम’सारखे चित्रपट घातक संदेश देतात असे जाहीर भाषणात म्हटले, तर लोकांना राग आला तो न्यायमूर्तींचा. आणि चकमकफेम अधिकाऱ्यांचे पुढे काय झाले? परभणीच्या ख्वाजा युनूसच्या कोठडीमृत्यू प्रकरणात २००४ मध्ये अटक झालेले सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. वर्षही उलटले नाही तोच अंबानींच्या घराबाहेर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली गाडी सापडली आणि पुढच्याच महिन्यात एनआयएने वाझेंना अटक केली. त्याच प्रकरणाशी जोडलेल्या खुनात प्रदीप शर्माही आरोपी झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी ते नालासोपाऱ्यातून आमदारकीला उभे होते, आणि मते मागितली होती ती याच ख्यातीवर. हा खटला अजून चालायचा आहे, म्हणून दोषाचे बोलत नाही. पण कुणाला जगवायचे नि कुणाला मारायचे हे ठरवण्याची सवय एखाद्याला वीस वर्षे लावल्यावर तो फक्त तुमच्या यादीतलीच माणसे मारेल, अशी हमी कुणी दिली होती?

आता मनोधैर्य. चौकशी म्हटली की पोलिसांचे मनोधैर्य खचते, हा या मंडळींचा आणखी एक अडसर. पोलीस शिपायाला गोळीबाराच्या सरावासाठी काडतुसे मिळतात, तेव्हा रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. एक कमी भरली तरी त्याला घाम फुटतो. गवतात हात घालून शोध, नोंद, जबाब, वरून शिव्या. पितळेच्या तेवढ्याशा तुकड्याचा हिशेब देताना दलाचे मनोधैर्य खचल्याचे कुणी ऐकले नाही. मग त्या पुंगळीतून निघालेल्या गोळीने माणूस मेला तर हिशेब मागू नये, हे कुठल्या पोलीस नियमावलीत लिहिले आहे?

कायद्याने पोलिसाला स्वसंरक्षणाचा पूर्ण अधिकार दिलेला आहे. जिवावर बेतले तर गोळी झाडा, सोळापैकी एकही नियम त्याला आडवा येत नाही. नियम विचारतात ते एवढेच की, बेतले होते का? खरेच बेतले होते त्या अधिकाऱ्याला या प्रश्नाचे भय वाटायचे कारण काय? उलट चौकशीच त्याच्या शौर्यावर शिक्का मारते. आणि मनोधैर्य म्हणता ते कुठल्या पोलिसाचे? लखनभैया प्रकरणात मोबाइलचे तपशील काढून, शस्त्रांचे अहवाल जुळवून सहकाऱ्यांना न्यायालयात उभे केले ते के. एम. एम. प्रसन्ना यांच्या पथकाने. तेही पोलीसच. त्यांच्या मनोधैर्यासाठी कुठे पेढे वाटल्याचे आठवत नाही. पोलिसाचे मनोधैर्य खचते ते बारा-बारा तासांच्या ड्युटीने, गळक्या वसाहतींनी, आमदाराच्या फोनवर होणाऱ्या बदल्यांनी. अशा हस्तक्षेपाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग निकालात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. प्रकाश सिंग हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. त्या सुधारणा मनापासून अमलात आणा म्हणून कुणी फलक लावले?

शौर्य बघायचे असेल तर २६ नोव्हेंबर २००८ ची गिरगाव चौपाटी बघा. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातातल्या लाठीनिशी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला. कुणाला संधी होती त्या रात्री त्याला रस्त्यावर मारायची? सगळ्यांना होती, आणि एकाही न्यायालयाने त्यांना दोष दिला नसता. पण तो जिवंत राहिला म्हणून त्याची नाव, त्याचे प्रशिक्षण, त्याचे धनी जगासमोर आले आणि पाकिस्तानला ‘आमचा नाहीच’ म्हणणे अशक्य झाले. आर्थर रोड तुरुंगात न्या. एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर खटला चालला. त्याच निकालात कसाबला फाशी झाली आणि पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे होऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फासावर चढवले. घटनेपासून चार वर्षांच्या आत. १६६ माणसांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यातल्या परदेशी दहशतवाद्याला वकील देऊन, खटला चालवून फाशी देता येते, पण बदलापूरच्या शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याला नाही?

राहता राहिले ते ‘सामान्य माणसाला कसली भीती?’ हे वाक्य मराठी माणसाने तरी उच्चारू नये. मुंबईतला हुतात्मा चौक कशासाठी आहे? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पंधराजण पडले. पुढच्या आंदोलनात हा आकडा शंभराच्या वर गेला. त्यांच्यापैकी कोण गुन्हेगार होता? दर १ मेला ज्या स्मारकावर आपले मुख्यमंत्री फुले वाहतात, ते पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांचे स्मारक आहे. तेव्हाही ‘जमाव हिंसक झाला होता’ असेच सांगितले जात होते.

ते जुने झाले म्हणाल, तर ११ जुलै १९९७ घ्या. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, माणसे रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली. गॅसचे टँकर पेटणार होते, असा बचाव झाला. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. मेलेल्यांत कोण होते? सकाळी घराबाहेर आलेली वस्तीतली माणसे. मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याला विरोध करणारे तीन आंदोलक मेले, त्यात एक बाई होती. त्यांनी काय केले होते?

आणि स्त्रियांच्या सुरक्षेसाठी पोलिसांच्या हाती निर्णय द्या म्हणणाऱ्यांना देसाईगंज आठवत नाही का? २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या ठाण्यात मथुरा नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. आरोपी होते ठाण्यातलेच दोन पोलीस. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा झाला. ठाण्याच्या चार भिंतींत पोलीस आणि एकटा माणूस असला की काय होऊ शकते, हे महाराष्ट्रातल्या एका आदिवासी मुलीने देशाला सांगितले. त्या चार भिंतींवरचा उरलासुरला पहारा काढून टाका असे आज तुम्ही म्हणता, आणि तेही मुलींच्या नावाने!

बदलापूरकडे शेवटी परत जावेच लागते, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथेच झाली. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकावर लोकांनी दिवसभर गाड्या रोखल्या, त्या आरोपीपेक्षा पोलिसांवरच्या रागाने. मुलीच्या घरच्यांना तक्रारीसाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवले होते. सरकारला पोलिसांवर निलंबनाची कारवाई करावी लागली. शाळेने प्रकार कळूनही कळवले नाही. सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचे खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. शाळेचे विश्वस्त पोलिसांना कितीतरी आठवडे सापडत नव्हते. आरोपी मेल्यानंतर, उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन फेटाळला तेव्हा कुठे ते हाती लागले. हे सगळे प्रश्न घेऊन लोक रुळांवर उतरले होते. महिनाभरात एक गोळी सुटली आणि त्याच लोकांनी त्याच पोलिसांना खांद्यावर घेतले. प्रश्न विचारणारी गर्दी एका रात्रीत आभार मानणारी झाली. कुठल्याही सरकारला याहून स्वस्तात सुटका मिळालेली नाही.

मुख्य आरोपीवरचा खटला त्याच्यासोबतच संपला. त्या दोन मुलींच्या घरच्यांना ‘दोषी’ हा न्यायालयाचा शब्द ऐकायला मिळणार नाही. चित्रण कुठे गेले, कुणाला काय ठाऊक होते, कुणी कुणाला वाचवले, याबद्दल तो काही बोलला असता की नाही हे सांगता येत नाही. आता बोलणार नाही, हे नक्की. त्याच्या आईवडिलांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाला सांगितले की, आम्हाला हे प्रकरण चालवायचे नाही. न्यायालयाने ते सोडले नाही, कारण ताब्यातल्या माणसाचा मृत्यू हा त्याच्या आईवडिलांचा खासगी मामला नसतो.

म्हणून उकरून काढणार. त्या संध्याकाळी गाडीत कोण कुठे बसले होते, पिस्तूल कुणाच्या कमरेला होते आणि कुठल्या अवस्थेत होते, गोळ्या किती सुटल्या, पुंगळ्या किती मिळाल्या, प्रत्येकाचा जबाब, प्रत्येक अहवाल उघड्या न्यायालयात यायला हवा, उलटतपासणी होऊन यायला हवा. आणि हे याच एका गाडीपुरते नाही. महाराष्ट्रात पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की प्रत्येक वेळी, मेलेला कोण होता हे न विचारता. गोळी खरोखर जीव वाचवण्यासाठी झाडली असे त्यात सिद्ध झाले, तर त्या अधिकाऱ्याचा सत्कार करा, मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.